तिसऱ्या चुकीला उघडणारं कुलूप

कुलूपबाईंना कुलपांची काही हौस नव्हती. घरच्या कपाटाची किल्ली त्या आठवड्यातून दोनदा हरवायच्या आणि त्यांचा नवरा ती मुकाट्याने शोधून द्यायचा. पण तिसरीच्या वर्गाने एकदा नाव पाडलं की ते पुसायची कोणाची टाप आहे? हजेरीपटावर काहीही असो, जिन्यावर, पटांगणात, पालकसभेत त्या कुलूपबाईच. एकदा तर खुद्द मुख्याध्यापक माइकवर म्हणाले, "आपल्या कुलूपबाई," आणि मग पाणी प्यायले.

आता हे नाव पडलं कसं, ते सांगायला हवं. सगळं सुरू झालं बाईंच्या घशापासून.

तिसरीचा वर्ग म्हणजे काय असतं हे ज्याने घेतलाय त्यालाच ठाऊक. पहिली-दुसरीची पोरं निदान घाबरतात. चौथीची पोरं ऐकल्याचं सोंग तरी करतात. तिसरीला भीतीही नाही आणि सोंगही नाही. बाईंनी अर्धं आयुष्य त्या कोलाहलावर आपला आवाज चढवण्यात घालवलं आणि एके दिवशी आवाजाने हात टेकले. घशाच्या डॉक्टरने आत बॅटरी मारून पाहिलं, म्हणाला, गाठी आल्यात, बोलणं कमी करा. बाई म्हणाल्या, अहो, मी तिसरीला शिकवते. डॉक्टर म्हणाला, मग फारच कमी करा. आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. डॉक्टरांना काय, सांगून मोकळे.

बाईंनी मात्र ते मनावर घेतलं. शाळेत संगणकांची एक खोली होती. संगणकांवर धूळ बसू नये म्हणून ती उघडत नसत आणि उघडत नसल्यामुळे तिथे धूळ बसली होती. बाईंनी ती झाडून घेतली. उजळणीचा आठवडा तोंडावर आलेला, त्याच्या पाठोपाठ सुट्टी, आणि त्या आठवड्यात मुलांची शरीरं तेवढी वर्गात येतात, मन कधीच गावाला गेलेलं असतं. बाईंच्या मनात आलं, मुलांचं मन सुट्टीवर गेलंच आहे, तर गणितालाही त्याच्यामागे धाडून देऊ. म्हणून त्यांनी एक खेळ रचला, 'समुद्रकाठची खोली'.

खेळ साधाच. तुम्ही सुट्टीला समुद्रावर आला आहात. घरची मंडळी पोहायला खाली गेली आणि तुम्ही खोलीत अडकलात. दाराला चार आकड्यांचं कुलूप. भिंतीवर टॉवेल वाळत घातलेत, टॉवेलवर बोट ठेवलं की गुणाकार निघतो. सुटकेस उघडली की वजाबाकी, खिडकी उघडली की बेरीज. पलंगाखाली एक खेकडा, तो भागाकार विचारतो. चारही उत्तरं बरोबर आली की चार आकडे मिळतात, दार उघडतं, समोर समुद्र, आणि शिट्टी वाजते. सगळ्या सूचना बाईंनी आपल्याच आवाजात, घसा चांगला असलेल्या एका सकाळी भरून ठेवल्या. आता खेळ बोलणार आणि बाई गप्प बसणार.

खेळ आधी घरी नवऱ्यावर करून पाहिला. नवरा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेला, माणूस शांत. खेकड्यापाशी अडकला तो अडकलाच. चहा मागितला तर बाई म्हणाल्या, आधी बाहेर या. बिचाऱ्याने शेवटी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात भागाकार मांडला, तेव्हा कुठे समुद्र दिसला. तेव्हाची कुलपं अशी होती बरं का! चुकलात तर चुकलात. कुलूप हसायचं नाही, रागवायचं नाही, आणि उघडायचंही नाही.

वर्गात त्या खेळाने काय धमाल उडवून दिली म्हणता! पोरं कागद मागायला लागली. तिसरीची पोरं, स्वतःहून, कागद, गणितासाठी! एकमेकांच्या डोक्याला डोकं लावून भांडली, बोटांवर मोजलं, खोडलं, परत मांडलं. जी बाहेर पडली ती अशी ओरडली की बाजूच्या वर्गातले गाण्याचे सर पेटी थांबवून बघायला आले. कुलूपबाई हे नावही तेव्हाच पडलं. त्या आठवड्यात बाईंनी घसा वापरला नाही, आणि मुलांना वजाबाकी आली. दोन्ही गोष्टी एकदम होतील असं बाईंना स्वप्नातही वाटलं नव्हतं. त्या घरी जाऊन नवऱ्याला नुसत्या हातवाऱ्यांनी सगळं सांगत बसल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर सांगायला काही उरलं नसतं. पण चांगलं काही घडलं की त्यात सुधारणा करणारे लोक असतातच.

त्यातले पहिले मुख्याध्यापक. त्यांना सगळे टक्केसर म्हणत, कारण त्यांच्या तोंडून टक्के आल्याशिवाय वाक्य पुरं होत नसे. आज पटांगण ऐंशी टक्के कोरडं आहे, असं ते सांगत. त्यांनी बाईंना बोलावून विचारलं, किती टक्के मुलं बाहेर पडली? बाई म्हणाल्या, सत्तर. टक्केसरांचा चेहरा पडला. म्हणाले, म्हणजे तीस टक्के मुलं अजून खोलीत आहेत?

दुसरा सुधारक म्हणजे एक दातांचा डॉक्टर. त्याची मुलगी बाईंच्या वर्गात. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी कोणाला दिसली नाही. तर ही भिंगरी घरी खेळ खेळायला बसली, सुटकेसच्या वजाबाकीपाशी अडकली आणि रडली. झालं! दातवाल्यांनी पालकांच्या ग्रुपवर लांबलचक मजकूर टाकला. आपली मुलगी संध्याकाळभर एका बंद खोलीत कोंडली गेली होती, तिच्या मनावर परिणाम झाला तर जबाबदार कोण, आणि शाळा ही मुलांना कोंडण्याची जागा आहे काय. त्याखाली बाकीच्या पालकांनी हात जोडलेली चित्रं टाकली. ज्यांची मुलं खेळ खेळलीच नव्हती, त्यांनीही टाकली.

टक्केसरांचं धाबं दणाणलं. त्यांनी बाईंना सांगितलं, काहीतरी करा. सुरुवातीला एकच करायचं होतं, एक मदतीचं बटण. बाईंनी केलं. पुढच्या सुट्टीला 'बर्फातला बंगला' आला, तेव्हा आकडे लिहायच्या जागी चार पर्याय आले, कारण लिहिताना मुलांची बोटं दुखतात असं एका आईचं म्हणणं पडलं. आणि मग 'बेटावरचा तंबू' आला, त्यात टक्केसरांची स्वतःची कल्पना होती. तीनदा चुकलं तर चौथ्यांदा चुकायची वेळच येऊ द्यायची नाही. तिसऱ्या चुकीला कुलूप आपोआप उघडायचं. शिट्टी तीच, फुगे तेच, शाबासकी तीच. टक्केसर म्हणाले, बाई, आता बघा टक्के.

बाईंनी हे केलं का? केलं. कुरकुर केली, एकदा मान हलवली, पण केलं, आणि आपल्याच हाताने केलं. त्याला कारण होतं. शिक्षण खात्याच्या वरच्या ऑफिसात एक नवी जागा निघणार होती, खेळ-मार्गदर्शक. सगळ्या शाळांसाठी सुट्टीचे खेळ करायचे. एक खोली, एक खुर्ची, एक पंखा, एक दार, आणि दाराच्या आत एकही तिसरीचं पोर नाही. टक्केसरांनी बाईंना चांगलंच हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं, की ही जागा तुमचीच, फक्त तिथली समिती येऊन बघून जाऊ दे. घशाचा डॉक्टर गेल्या खेपेला जरा जास्तच वेळ बॅटरी मारत बसला होता. असंच चाललं तर आवाज कायमचा जाईल, हे त्याने या वेळी हळू सांगितलं होतं, आणि हळू सांगितल्यामुळे बाईंनी ते खरं मानलं होतं. त्यांना ती खोली हवी होती. मनापासून हवी होती. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

'बेटावरचा तंबू'ही आधी नवऱ्यावर करून पाहिला. तो पाच मिनिटांत बाहेर.

"अगं, मी चष्मा न लावताच सुटलो," तो म्हणाला.

बाई हसल्या. पण त्या दिवशी भाजीत मीठ दोनदा पडलं.

समिती आली ती सुट्टीच्या आदल्या आठवड्यात. साहेब होते, दोन माणसं होती, आणि त्या दोन माणसांच्या हातात साहेबांच्या बॅगा होत्या. संगणकांची खोली फुग्यांनी सजवली होती, पडद्यावरही फुगे होते. मुलांनी बोटं चालवली. टकटक, टकटक, टकटक, शिट्टी. इकडून शिट्टी, तिकडून शिट्टी. एकही मूल तंबूत उरलं नाही. टक्केसर एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाले, शंभर टक्के साहेब, आणि हे काही आजचंच नाही. साहेबांनी तोंडभर कौतुक केलं. म्हणाले, आमच्या वेळी गणित म्हटलं की तोंडचं पाणी पळायचं, आणि ही मुलं बघा, हसतायत.

तिथेच सगळं संपायचं. पण शिपाई चहा आणायला गेला होता आणि चहा यायला उशीर झाला. सगळे वर्गात येऊन बसले. बोलायचं ते बोलून झालेलं, हसायचं ते हसून झालेलं. मग साहेबांनी, नुसती वेळ मारून न्यायला म्हणून, खडू उचलला आणि फळ्यावर एक वजाबाकी लिहिली. चारशे दोन वजा एकशे पंच्याहत्तर. म्हणाले, कोण सांगतं?

हात वर झाले, सगळ्यांचेच. घाबरणारा वर्ग नव्हताच तो. भिंगरी तर उठून फळ्यापाशी पोचलीसुद्धा.

"तीनशे," ती म्हणाली.

साहेब हसून म्हणाले, नाही. ती म्हणाली, तीनशे सत्तावीस. साहेब म्हणाले, अं हं. तिने छताकडे बघितलं, म्हणाली, शंभर. साहेब म्हणाले, नाही बाळ. मग भिंगरीने हात मागे बांधले आणि ती फळ्याकडे बघत उभी राहिली. चेहऱ्यावर काळजी नाही, काही नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती भिंगरी एका जागी स्थिर होती.

साहेबांनी थोडं थांबून विचारलं, "काय झालं?"

"तीन झाले," ती म्हणाली. "आता उघडेल."

समितीची ती दोन माणसं खो खो हसली. साहेबही हसले. टक्केसरांनी लगेच सांगितलं, आत्मविश्वास बघा साहेब, आमच्या मुलांना चुकायची भीतीच उरली नाही. आणि साहेबांना ते पटलं! त्यांनी भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला. चहा आला.

बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांचं लक्ष वर्गाकडे होतं. मोठी माणसं हसली, पण वर्गात एकही मूल हसलं नव्हतं. सगळी पोरं भिंगरीसारखीच फळ्याकडे डोळे लावून बसली होती, शहाण्यासारखी, वाट बघत. बाईंनी इतकी वर्षं घसा फोडून जी शांतता मागितली होती, ती ही अशी मिळाली होती. आपण काय करून ठेवलं हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टक्केसरांच्या खोलीत साहेबांनी बाईंचं अभिनंदन केलं. सुट्टी संपली की नव्या खोलीत रुजू व्हा, 'बेटावरचा तंबू' सगळ्या शाळांना लावू, असं म्हणून बिस्किट उचललं. बाईंनी हो म्हणायचं होतं, बस्स. एक हो. तेवढा आवाज त्यांच्याकडे होता.

"साहेब, त्या मुलीला ती वजाबाकी येत नाही," बाई म्हणाल्या. "आता वर्गात कोणालाच येत नाही, ज्यांना येत होती तीही विसरली. ते शंभर टक्के आहेत ना, ते माझ्या कुलपाचे आहेत, मुलांचे नाहीत."

टक्केसरांना ठसका लागला. साहेब मात्र कौतुकाने मान हलवत राहिले. म्हणाले, मोठी माणसं अशीच नम्र असतात. बाईंनी परत सांगितलं. मला जागा द्या, मी येते, पण ते तिसऱ्या चुकीला उघडणं मी काढून टाकणार. आता साहेब नीट बसले. बाईंना त्यांनी समजावून सांगितलं, अगदी प्रेमाने, की तसं केलं तर टक्के खाली येतील, आणि ही जागाच मुळी टक्क्यांवर मंजूर झालेली आहे. कुलूप जसं आहे तसं राहिलं तर जागा आहे. कुलूप बदललं तर जागाच नाही, मग त्या जागेवर तुम्ही कशा येणार? हिशोब इतका सरळ होता की तिसरीच्या पोराला सुटला असता, निदान बाईंच्या पहिल्या खेळातल्या पोराला.

बाईंनी त्या खोलीचा विचार केला. पंख्याचा केला. डॉक्टरच्या हळू बोलण्याचा केला. खोटं कशाला सांगायचं, त्यांना रडू येत होतं.

"मग मला वर्गातच राहू द्या," त्या म्हणाल्या.

ती जागा गाण्याच्या सरांना मिळाली. ते चांगले गृहस्थ आहेत, कोणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. त्यांनी तंबूतल्या शिट्टीच्या जागी पेटी घातली आणि खेळ सगळ्या शाळांना लागला. टक्केसर बाईंशी पुढे कामापुरतं बोलू लागले, आणि घरी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि तो लिंबू-मधाचं पाणी गरम करायला उठला.

सुट्टीला उरलेले दिवस बाईंनी संगणकांच्या खोलीला कुलूप घातलं, खरंखुरं, लोखंडी. वर्गात आइस्क्रीमच्या काड्या आणल्या. दहा काड्यांना एक रबर, अशा दहा जुड्यांना मिळून एक मोठं रबर, तो शंभराचा गठ्ठा. प्रत्येक बाकावर तेवढं सामान आणि फळ्यावर एकच वजाबाकी, साहेबांचीच. बाईंचा आवाज तोवर पार बसला होता. नुसती कुजबुज यायची. गंमत म्हणजे कुजबुज ऐकायला पोरं पुढे सरकून बसायला लागली.

पण शिकायला? छे! पोरं भयंकर चिडली. तीनदा चुकायची आणि वर बघायची. बाई काहीच करायच्या नाहीत. चौथ्यांदा चुकायची, पुन्हा वर बघायची. बाई आपल्या बसलेल्या. दोघं-तिघं रडली. एकाने घरी जाऊन सांगितलं की बाई बिघडल्यात. दातवाल्यांनी ग्रुपवर मजकूर टाकला तो आधीच्याहून लांब होता, आणि या वेळी हात जोडलेली चित्रंही जास्त आली.

सगळ्यात वाईट गत भिंगरीची. तिचा प्राण त्या मधल्या शून्यात अडकला होता. दोनातून पाच जात नाहीत, हे तिला कळलं. शेजारच्या, दशकाच्या घरातून दहा आणायचे, हेही कळलं. पण शेजारच्या घरात शून्य! तिथे एकही जुडी नाही. ती त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवायची आणि तिथेच बसून राहायची, कोणी तरी येऊन त्यात काही ठेवेल म्हणून.

"बाई, उघडा ना," ती रडत म्हणाली.

बाईंनी मान हलवली. सांगून टाकायचा मोह त्यांना किती होत होता, ते त्यांचं त्यांना माहीत. एका वाक्याचं काम होतं. त्या उठून तिच्या बाकावर तिच्या शेजारी जाऊन बसल्या आणि गप्प राहिल्या.

शेवटच्या दिवशी सुट्टीची घंटा झाली आणि वर्ग बघता बघता रिकामा झाला. दप्तरं गेली, डबे गेले, एक चप्पल मागे राहिली तिचा मालक परत येऊन ती घेऊन गेला. काहींना वजाबाकी आली होती, अर्ध्याहून कमी जणांना. टक्केसरांनी विचारलं असतं तर बाईंनी खरा आकडा सांगितला असता, पण त्यांनी विचारलं नाही. भिंगरी तेवढी बाकावर काड्यांपुढे बसून होती. बाईंनी खुणेने सांगितलं, जा तू, सुट्टी लागली. तिने ऐकलं नाही.

मग दारात दातवाले आले, हातात गाडीची किल्ली, कपाळावर गॉगल. त्यांना समुद्रावर जायचं होतं, सामान गाडीत भरलेलं, बायको खाली बसलेली. त्यांनी रिकामा वर्ग बघितला, एकटी बसलेली आपली मुलगी बघितली, तिच्या गालावरचे ओघळ बघितले, आणि ते बाईंकडे वळले. ते काय बोलणार हे बाईंना पाठ होतं. उत्तर द्यायला घशात आवाज नव्हता.

"चल गं," ते मुलीला म्हणाले. "संपलं सगळं. सुट्टी लागली."

भिंगरीने मान वर केली नाही.

"थांब ना बाबा," ती म्हणाली. "माझं व्हायचंय अजून."

दातवाल्यांनी मुलीकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, आणि मग गुडघे छातीशी घेऊन पहिल्या बाकावर कसेबसे बसले. खाली गाडीचा हॉर्न वाजला. कोणी हललं नाही. बाईंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

भिंगरीने रिकाम्या घरावरचं बोट उचललं. ती त्याच्या पलीकडच्या, शंभराच्या घरात गेली. तिथला एक गठ्ठा ओढून घेतला आणि त्याचं मोठं रबर काढलं.